मुंबईस जा, पण पोट मारूं नका

आमच्या खेड्यांतला शेतकरी मुंबईस हौसेनें जात नाहीं. चौपाटीवर भेळ खाण्यास आणि समुद्राची हवा घेण्यास जाणारे लोक निराळे. आमचा माणूस जातो तो घरांत कोणाच्या गळ्याला गांठ आली म्हणून, जमिनीचा कागद तालुक्याला अडला व जिल्ह्यालाहि सुटला नाहीं म्हणून, पोरीची नोकरीची परीक्षा आहे म्हणून, किंवा मोर्चांत उभें राहून आपलें गाऱ्हाणें सांगावयाचें आहे म्हणून. म्हणजे घरांतून पाय काढतांनाच त्याच्या जिवाला घोर लागलेला असतो आणि कनवटीला पैसा मोजका असतो. त्या मोजक्या पैशांत गाडीभाडें, औषध, झेरॉक्स, रिक्षा हीं सगळीं बसवितां बसवितां शेवटीं तो जेथें कात्री लावतो ती जागा म्हणजे त्याचें स्वतःचें पोट. या एकाच गोष्टीविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याच्या पोटांत अन्न नाहीं त्याची मान साहेबासमोर ताठ राहत नाहीं आणि दाक्तरानें सांगितलेलें त्याच्या ध्यानांतहि राहत नाहीं, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

गेल्या हिवाळ्यांत एका नातलगाच्या दुखण्यानिमित्त आम्हांस मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाच्या आवारांत आठ दिवस काढावे लागले. आमच्या शेजारींच सोलापुराकडचा एक शेतकरी पथारी टाकून होता. कारभारणीला वॉर्डांत ठेवलेली आणि हा बाहेर. बाईला इस्पितळांतून जेवण मिळत असे. याचें काय चाललें आहे हें विचारणारें कोणी नव्हतें. चार दिवस तो चहा, वडापाव आणि बिस्किटें यांवर राहिला. पांचव्या दिवशीं कागदावर सही करावयास त्याला आंत बोलाविलें, तेव्हां रांगेंत उभा असतांच तो खालीं कोसळला. लोकांनीं उचलला, दाक्तरानें तपासला. दुखणें कांहीं नव्हतें. पोटांत अन्न नव्हतें. शुद्धीवर आल्यावर आम्हीं विचारलें, "दादा, जेवत कां नव्हतां?" तो म्हणाला, "मालक, औषधाला पैसे पुरायला नकोत का?"

या उत्तरावर कोणाच्याहि डोळ्यांत पाणी येईल, आमच्याहि आलें. पण डोळे पुसून झाल्यावर आम्हीं हिशेबाला बसलों, आणि हिशेब मांडला तेव्हां जें दिसलें तें वाचकांपुढें ठेवल्यावांचून राहवत नाहीं. त्या गड्याचा रोजचा खर्च असा होता: चहा सहा वेळां, दहा रुपयांप्रमाणें ६० रुपये, वडापाव तीन, अठरा रुपयांप्रमाणें ५४ रुपये, पाण्याची बाटली २० रुपये, बिस्किटाचा पुडा १० रुपये. एकूण १४४ रुपये. आतां त्याच भागांत, त्याच आठवड्यांत, आमचा स्वतःचा खर्च ऐका. सकाळीं उसळपाव ४० रुपये. दुपारीं पोळीभाजीच्या दुकानांतून तीन पोळ्या ३० रुपयांच्या व भाजी ३० रुपयांची, मिळून ६० रुपये. चहा दोन वेळां २० रुपये. रात्रीं पुन्हां दोन पोळ्या २० रुपये आणि उकडलेलीं दोन अंडीं २४ रुपये. एकूण १६४ रुपये. पाणी इस्पितळाच्या नळाचें, आपल्या बाटलींत भरून घेतलेलें.

म्हणजे फरक वीस रुपयांचा! वीस रुपये वांचविण्यासाठीं हा बिचारा चार दिवस उपाशी राहिला आणि ऐन कामाच्या वेळीं आडवा झाला. भाव जागेप्रमाणें आणि दिवसमानाप्रमाणें दोन रुपये इकडे तिकडे होतील. पण मूळ गोष्ट बदलत नाहीं. आपण ज्याला काटकसर म्हणतों ती काटकसरच नव्हे. तो नुसता जिवाचा छळ आहे, आणि त्यांत पैसाहि वांचत नाहीं. चार वेळां चहा प्याल्यानें भूक मरते, भागत नाहीं. वड्यांत बटाटा आणि पावांत मैदा. दोन घटका पोट जड वाटतें आणि मग पुन्हां पोटांत खड्डा पडतो.

येथें कोणी म्हणेल, वडापावाला नांवें ठेवूं नका, त्यानें या मुंबईंत किती गोरगरीब जगविले! हें आम्ही नाकारीत नाहीं. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर वडा पावांत घालून विकावयास सुरुवात झाली असें सांगतात. आणि पाळीवर जाणाऱ्या गिरणी कामगाराला हातांत धरून चालतां चालतां खातां येणारा तो घांस होता, हें खरेंच. पण त्या कामगाराचें पोट वडापावावर चालत नव्हतें. त्याचें पोट चालवीत होती खानावळवाली बाई. वडापाव हें मधल्या वेळचें खाणें आहे; त्याला जेवण समजणें ही आपली चूक, वड्याची नव्हे.

या खानावळवाल्या बाईविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण तिच्यावांचून मुंबई उभीच राहिली नसती. लालबाग, परळ, वरळी, डिलाईल रोड या गिरणगांवांत कोंकणांतून आणि घाटावरून आलेला मजूर बहुधा एकटा असे. बायकोपोरें गांवीं आणि हा दहाजणांत एका खोलींत. त्याला दोन वेळां भाकरी-कालवण घालणाऱ्या बायका त्याच चाळींत राहत. महिन्याचा दर ठरलेला, पैसे पगाराच्या दिवशीं. पगार होईपर्यंत दुकानदाराचें देणें भागविण्यासाठीं ती बाई सावकाराचें कर्ज काढी, आणि चुलीच्या धुरांत जन्म घालवूनहि कर्जांतून सुटत नसे. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें आणि बँकांचीं कर्जें त्यांच्या हातांत पडतील अशी व्यवस्था केली. ज्या बाईच्या नांवावर भांड्यांशिवाय कांहीं नव्हतें, ती स्वतःच्या सहीनें कर्ज घेऊं लागली आणि फेडूंहि लागली. पुढें १९८२ चा मोठा संप झाला, अडीच लाखांच्या घरांत कामगार बाहेर पडले, गिरण्या एकामागून एक बंद झाल्या, आणि गिऱ्हाईकच गेल्यामुळें पुष्कळ चुली विझल्या. पण सगळ्या विझल्या नाहींत. दादर, परळ, लालबाग, गिरगांव या भागांत गल्लीच्या तोंडाला आजहि पोळीभाजी केंद्राच्या पाट्या दिसतात. तेथें पोळी नगावर मिळते, भाजी-आमटी वाटीवर किंवा वजनावर मिळते, आणि पोळी लाटणारी बाई आपल्या आईसारखीच असते. मुंबईंत अल्प पैशांत धड जेवावयाचें असेल तर पहिली चौकशी या पाटीची करा. खुर्ची-टेबल नसेल, पण अन्न ताजें असतें आणि तुमचा रुपया एका राबणाऱ्या बाईच्या घरांत जातो.

दुसरी चौकशी राईस प्लेटची. उडप्यांच्या साध्या हॉटेलांत आणि मालवणी खानावळींत दुपारीं बारापासून तीनपर्यंत ताट मिळतें. दारावर दर लिहिलेला असतो तो अगोदर वाचा. 'लिमिटेड' लिहिलें असेल तर वाढप एकदांच, 'अनलिमिटेड' असेल तर पोटभर. दिवसांतून एकदां पोटभर जेवावयाचें असेल तर तें दुपारीं जेवा. रात्रीं पोळी, केळें, दूध यांवर भागतें. माटुंग्याच्या स्टेशनाजवळ रामा नायक यांनीं १९४२ सालीं काढलेली उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग ही खानावळ याच पद्धतीनें नांवाला चढली. मालवणी खानावळींत सुरमई-पापलेटाच्या ताटाला हात लावूं नका, त्यांत श्रीमंतांची चढाओढ आहे. बोंबील, मांदेली किंवा बांगडा मागा. मासा तोच समुद्राचा, ताकद तीच, आणि पैसे पुष्कळ कमी.

तिसरी गोष्ट, सकाळीं तळलेलें खाऊं नका. उसळपाव किंवा मिसळ मागा. मटकी, वाटाणा, हरभरा हीं कडधान्यें अंगाला लागतात. पिशवींत फुटाणे व शेंगदाणे ठेवा. शंभर ग्रॅम फुटाण्यांत वीस ग्रॅमच्या आसपास आणि तितक्याच शेंगदाण्यांत पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनें असतात. एका अंड्यांत सहा. म्हणजे मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खाल्लेला माणूस वडे खाणाऱ्यापेक्षां रांगेंत जास्त वेळ ताठ उभा राहतो. केळीं संध्याकाळीं घ्या. दिवस मावळतां गाडीवाला माल संपवावयाच्या घाईंत असतो.

आतां एका नाजूक गोष्टीकडे वळतों. आमच्या बायका पहांटे उठून प्रवासाची शिदोरी बांधून देतात. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, दुधांत भिजवून केलेली दशमी, धपाटीं. ही शिदोरी दोन दिवस सहज टिकते, दशमी त्याहून जास्त. पण आमचा गडी मुंबईस उतरला कीं त्याला त्या फडक्याची लाज वाटूं लागते! गाडींत तो गांठोडें सोडीत नाहीं, कारण समोर बसलेला तरुण कानांत दोऱ्या घालून बसला आहे. इस्पितळाच्या आवारांत सोडीत नाहीं, कारण पांढऱ्या कपड्यांतले लोक जातात येतात. शेवटीं भाकरीला बुरशी येते, ती गुपचूप कचऱ्यांत टाकतो, आणि तीच भाकरी 'महाराष्ट्रीयन थाळी' या नांवाखालीं मोठ्या हॉटेलांत दाम मोजून खाल्ली जाते. काखेंत कळसा नि गांवाला वळसा, तो हाच. अरे, ज्या ज्वारीवर तुझ्या बापानें विहीर खणली तिची लाज कसली धरतोस? लाज धरावयाचीच असेल तर ती भाकरी कचऱ्यांत टाकण्याची धर. २०२३ हें सालच साऱ्या जगानें भरड धान्याचें वर्ष म्हणून पाळलें. आणि आमचा शेतकरी मात्र स्वतःच्या धान्याकडे पाहून मान खालीं घालतो, यासारखें दैव नाहीं.

दुसरी लाज जातीची. आज कोणी उघड बोलून दाखवीत नाहीं, पण परक्या मोहल्ल्यांत जेवावयाचें म्हटलें कीं आमच्यांतला एकादा म्हातारा अजून नाक मुरडतो, "तिथं कोणाच्या हातचं असतं कोण जाणे!" त्याला आमचें एवढेंच सांगणें आहे: शहराच्या हॉटेलांत तूं कोणाच्या हातचें खातोस हें तुला आजवर कधीं कळलें आहे काय? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलांत स्वतः जाऊन चहा घेतला त्याला शंभर वर्षें होऊन गेलीं. छत्रपतींना जें चाललें तें तुला चालत नसेल तर तूं खुशाल उपाशी राहा. इतरांस मात्र उपाशी ठेवूं नकोस. जे. जे. इस्पितळाशीं काम असेल तर जवळच्या भेंडीबाजारांत गरम नान आणि दाल-गोश्त साध्या दुकानांत मिळतें. जो मांस खातो त्यानें तें खुशाल खावें. दादरच्या गुरुद्वारांत लंगर असतो. तेथें डोकें झांकून, हातपाय धुऊन, पंगतींत बसलें कीं तुझें नांव-गांव-जात कोणी विचारीत नाहीं. तेथें राव आणि रंक एकाच सतरंजीवर बसतात. फुकट जेवण्याची लाज वाटत असेल तर जेवून झाल्यावर चार ताटें घांसून या. ती सेवा तेथें मानाची समजतात.

गाडगेबाबांचें नांव येथें घेतलें पाहिजे. १९५६ सालीं देह ठेवीपर्यंत त्यांनीं जागोजाग धर्मशाळा बांधल्या. देवळें नव्हे, धर्मशाळा, कारण आडल्या माणसाला निवारा आणि भुकेल्याला अन्न ही पूजा त्यांना खरी वाटे. त्यांच्याच नांवानें दादरला चालणाऱ्या धर्मशाळेंत कर्करोगाचे रोगी आणि त्यांचीं माणसें यांची अल्प पैशांत सोय होते. परळांत १९२६ पासून के. ई. एम. आणि १९४१ पासून टाटा हीं इस्पितळें उभीं आहेत. तेथें खेड्यापाड्यांतून येणाऱ्यानें पदपथावर पथारी टाकण्याआधीं इस्पितळांतील समाजसेवा खात्याची खोली गांठावी आणि राहण्या-जेवण्याची कोठें सोय आहे तें विचारावें. पुष्कळांस ती खोली आहे हेंच ठाऊक नसतें. मागितल्याशिवाय आई देखील वाढीत नाहीं. इस्पितळ कोठून वाढील?

कांहीं सावधगिरीच्या गोष्टीहि सांगून ठेवतों. रेल्वेनें २०२३ सालीं कांहीं स्टेशनांवर साध्या डब्यांच्या समोर २० रुपयांत पुरी, भाजी, लोणचें देण्याची सोय सुरू केली आहे. तुमच्या वाटेवर ती आहे काय पाहा. रेल्वेच्या पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीचा दर २०२५ च्या सप्टेंबरांत १५ वरून १४ रुपयांवर आणला आहे. फलाटावरचा विक्रेता वीस मागूं लागला तर छापील किंमत बोटानें दाखवा. खुर्चीच्या हॉटेलांत गेलांत तर बिल वाचल्याशिवाय पैसे टाकूं नका. पांच टक्के जी. एस. टी. हा सरकारचा कर आहे, तो द्यावाच लागतो. पण 'सर्व्हिस चार्ज' म्हणून जो वेगळा आंकडा मांडतात तो कर नव्हे. तो तुमच्या मर्जीवांचून बिलांत घालतां येत नाहीं असा हुकूम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२२ च्या जुलैंत काढला आणि दिल्ली उच्च न्यायालयानें २०२५ च्या मार्चांत तो उचलून धरला. काढावयास सांगा, काढीत नसेल तर १९१५ हा ग्राहकांच्या तक्रारीचा नंबर फिरवा. इंग्रजी छापलेला कागद पाहून खिशांत हात घालण्याची आमच्या लोकांस जी संवय लागली आहे ती सावकाराच्या वहीपासूनची आहे; ती आतां मोडली पाहिजे. अक्षरशत्रुत्वाचा दंड आमच्या वाडवडिलांनीं पुष्कळ भरला. नातवंडांनीं वेटरपाशीं तो भरण्याचें कारण नाहीं.

आणि मुंबईंत ज्यांचे भाऊबंद आहेत त्यांसहि एक सांगणें आहे. पाहुणा म्हणून जाल तर रिकाम्या हातानें जाऊं नका. दहा बाय बाराच्या खोलींत पांच माणसें राहतात, नळाला पाणी घटकाभर येतें आणि घरची लक्ष्मी सकाळची लोकल धरून कामावर जाते. तिच्यावर चार दिवस चार पाहुण्यांचें रांधणें टाकून आपण पलंगावर पेपर वाचीत बसणें हा पाहुणचार नव्हे, जुलूम आहे. जातांना पायलीभर ज्वारी, चार किलो डाळ, शेंगा न्या. भाजी आपण निवडा, ताट आपलें आपण घांसा. उलट मुंबईकर बंधूंनीहि गांवाकडचा माणूस दारांत दिसतांच कपाळाला आठ्या घालूं नयेत. गिरणगांवांत आजहि कित्येक गांवांच्या मंडळांच्या सामाईक खोल्या आहेत, जेथें पूर्वीं त्या गांवचा प्रत्येक गडी उतरे आणि त्याच्या जेवणाची चिंता सारें गांव करी. त्या खोल्यांवर नुसता पूजेचा आणि वार्षिक स्नेहसंमेलनाचा खर्च करण्याऐवजीं इस्पितळासाठीं आलेल्या गांवकऱ्याला दोन वेळां आमटीभात मिळेल अशी व्यवस्था मंडळांनीं केली, तर जी पुण्याई लागेल ती दहा सत्यनारायणांनींहि लागणार नाहीं.

येथपर्यंत आपलें आपण काय करावें तें झालें. पण सगळा दोष उपाशी माणसाच्या माथीं मारून सरकारनें मोकळें व्हावें असें आम्ही म्हणत नाहीं. एस. टी. मध्यें बायकांना २०२३ च्या मार्चापासून अर्धें भाडें आणि पंचाहत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना २०२२ पासून फुकट प्रवास दिला, हें चांगलें केलें. पण माणूस स्वस्तांत मुंबईस आणून सोडला आणि तेथें त्याच्या तोंडांत घांस पडण्याची सोय केली नाहीं, तर ती दया अर्धीच राहिली. १९९५ सालीं एक रुपयांत झुणका-भाकर देण्याचा गाजावाजा झाला. पुढें कांहीं वर्षांत ती योजना बारगळली आणि केंद्रांच्या जागा भलत्याच धंद्यांना लागल्याची ओरड झाली. मग २०२० च्या २६ जानेवारीस दहा रुपयांची शिवभोजन थाळी निघाली: दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात. आमच्या मांडलेल्या हिशेबांत दुपारच्या ६० रुपयांच्या जागीं हे १० रुपये घाला. १६४ चे ११४ होतात. म्हणजे उपाशी राहणाऱ्या त्या शेतकऱ्यापेक्षांहि दिवसाला ३० रुपये कमी खर्च करून माणूस पोटाला जेवतो! एवढी ताकद त्या एका ताटांत आहे. म्हणून मुंबईस उतरतांच जवळ असें केंद्र चालू आहे काय ही चौकशी अवश्य करा.

परंतु त्या ताटाचीहि एक अडचण आहे. ताटें मोजकीं आणि वेळ दुपारची ठराविक. आतां विचार करा: सकाळीं सहाला रांगेंत लागलेला माणूस दाक्तराच्या खोलींतून बाहेर पडतो केव्हां? दोन-तीन वाजतां. औषधाची रांग, तपासणीची रांग धरून चार. मंत्रालयांतून बाहेर पडणारा तर संध्याकाळींच पडतो. तोंवर थाळी संपलेली आणि खिडकी लागलेली. ज्याच्यासाठीं ताट वाढावयाचें तोच रांगेंत अडकलेला असतांना ताटाची वेळ संपवावयाची, हा कोणता शहाणपणा? तमिळनाडूनें २०१३ पासून चेन्नईंत अम्मा उणवगम् चालविलीं. सकाळीं एक रुपयास इडली, दुपारीं पांच रुपयांस सांबारभात, तीन रुपयांस दहींभात अशा दरांनीं तीं सुरू झालीं, रांधणाऱ्या बायका बचत गटांच्या, आणि मोठ्या सरकारी इस्पितळांच्या आवारांतहि तीं उघडलीं. कर्नाटकानें २०१७ सालीं बंगळुरांत इंदिरा कँटीन काढलें. न्याहारी पांच रुपयांस, जेवण दहा रुपयांस, आणि तेंहि सकाळ, दुपार, रात्र तिन्ही वेळां. जें मद्रासेस आणि बंगळुरास जमलें तें मुंबईस जमूं नये काय? मुंबईची तिजोरी त्यांच्याहून लहान नाहीं.

आमची मागणी मोठी नाहीं. प्रत्येक मोठ्या सरकारी व म्युनिसिपल इस्पितळाच्या आवारांत, मंत्रालयाच्या जवळ आणि आझाद मैदानाजवळ, सकाळीं आठ ते रात्रीं नऊ चालेल असें एकेक भोजनगृह पाहिजे. दर दहा-पंधरा रुपये ठेवा. फुकट नको, आमचा माणूस भिकारी नाहीं. रांधण्याचें काम ठेकेदाराला न देतां खानावळ चालविणाऱ्या बायकांच्या मंडळांना व बचत गटांना द्या. त्यांना हें काम तीन पिढ्यांपासून येतें. त्यांचे पैसे महिन्याच्या महिन्यास चुकते करा, नाहींतर पगाराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या जुन्या खानावळवालीसारखी त्यांचीहि गत होऊन त्या पुन्हां सावकाराच्या दारांत जातील. आणि भाकरी ठेवा. ज्वारीची, नाचणीची, बाजरीची. ती पिकविणाऱ्याला ती त्याच्या राजधानींत मिळाली पाहिजे.

२०१८ च्या मार्चांत नाशिकाहून पायीं निघालेले हजारो शेतकरी आणि आदिवासी मुंबईस पोंचले. दहावीचीं पोरें परीक्षेला बसलीं होतीं, त्यांना त्रास नको म्हणून तें लोक रात्रींतून चालले. पायांचीं सालटीं निघालेलीं होतीं. तेव्हां मुंबईचीं साधीं माणसें रस्त्यावर उभीं राहिलीं. कोणी पोहे दिले, कोणी पाणी दिलें, कोणी पायांतल्या चपला दिल्या, डबेवाल्यांनींहि घांस पोंचविला. मावळ-जुन्नरकडचीं हीं डबेवाल्यांचीं घराणीं १८९० च्या सुमारापासून दुसऱ्यांचीं जेवणें डोक्यावरून वाहत आलीं. भूक म्हणजे काय हें त्यांना शिकवावें लागलें नाहीं. यावरून मुंबईचें काळीज कोरडें नाहीं हें सिद्ध होतें. पण काळजाला पाझर फुटावा म्हणून प्रत्येक वेळीं शेतकऱ्याच्या पायांतून रक्त निघालेंच पाहिजे काय? रोज इस्पितळाच्या फाटकाशीं जो मुकाट्यानें बसला आहे, त्याचे पाय फाटलेले नसतील. पण त्याचेंहि पोट रिकामेंच आहे.

बंधूंनो, सरकार जागें होईल तेव्हां होईल. तोंवर मुंबईस निघतांना औषधाच्या पैशांची पुरचुंडी बांधतां तशी जेवणाच्या पैशांचीहि वेगळी बांधा, आणि त्या पुरचुंडीला दुसऱ्या कशासाठींहि हात लावूं नका. शिदोरी न्या, ती चारचौघांत सोडा, शेजारच्या उपाशी माणसाला त्यांतली अर्धी भाकरी द्या. आमच्या सोलापुरी मित्रानें पुढचे तीन दिवस आमच्याबरोबर पोळीभाजी खाल्ली. चौथ्या दिवशीं कारभारणीला घेऊन तो स्टेशनावर निघाला तेव्हां तिचें गांठोडें त्याच्याच खांद्यावर होतें आणि तें त्याला पेलत होतें. रोग्याला घरीं नेणारा माणूस आधीं स्वतःच्या पायांवर उभा पाहिजे. तें उभें राहणें दिवसाला वीस रुपयांत मिळत असेल, तर तेथें काटकसर करूं नका.